मंद फंक्शनचे निकाल कॅशेत ठेवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पान उघडायला वेळ लागतो, शोध घेतल्यावर एकच फंक्शन दोन-तीन सेकंद खातं असं दिसतं, आणि कुणीतरी सुचवतं, "कॅशे लाव की." त्यानंतर जे प्रश्न पडतात ते इथे एकत्र केले आहेत. साधे आधी, अडनिडे नंतर. एक गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॅशे लावली म्हणजे नेमकं काय केलं? फंक्शन तर तेच आहे.

फंक्शनला मिळालेल्या इनपुटवरून एक किल्ली बनवायची आणि आलेला निकाल तिच्याखाली ठेवून द्यायचा. पुन्हा तेच इनपुट आलं की आधी किल्ली शोधायची. सापडली तर तो हिट: ठेवलेला निकाल द्यायचा, फंक्शनला हातही लावायचा नाही. नाही सापडली तर तो मिस: फंक्शन चालवायचं, निकाल ठेवायचा, मग द्यायचा. फंक्शन जरासुद्धा वेगवान होत नाही, ते कमी वेळा चालतं एवढंच. हे मेमरीतल्या मेमरीत केलं तर त्याला मेमोआयझेशन म्हणतात; डोनाल्ड मिची यांनी ही कल्पना १९६८ मध्ये मांडली.

२. माझं फंक्शन कॅशे करण्याजोगं आहे का, हे कसं ओळखू?

आधी मोजा. प्रोफायलर (कोणत्या फंक्शनला किती वेळ लागतो ते मोजणारं साधन) नसेल तर फंक्शनच्या सुरुवातीची आणि शेवटची वेळ लॉगमध्ये लिहा, सोबत इनपुटही. एका दिवसाच्या लॉगवरून दोन गोष्टी कळतात: एका वेळेला किती मिलिसेकंद लागतात आणि तेच इनपुट पुन्हा किती वेळा येतं. प्रत्येक विनंतीचं इनपुट वेगळं असेल तर कॅशे म्हणजे नुसती अडगळ.

मग पाहा, फंक्शन निकाल देण्याखेरीज आणखी काही करतं का? मेल पाठवतं, साठा कमी करतं, भेटींचा आकडा वाढवतं? हिटच्या वेळी ही कामं होणारच नाहीत. असं फंक्शन दोन तुकड्यांत फोडा आणि फक्त हिशेबाचा तुकडा कॅशे करा.

आणि मंदपणाचं कारण शोधल्याशिवाय कॅशे लावू नका. डेटाबेसमध्ये इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) नसणं, किंवा लूपमध्ये प्रत्येक ओळीसाठी वेगळी क्वेरी जाणं, ही दोन कारणं इतक्या वेळा निघतात की तिथेच काम भागतं. कॅशेखाली झाकलेली वाईट क्वेरी प्रत्येक मिसला डोकं वर काढते.

३. निकाल ठेवायचा कुठे?

प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत ठेवलेला निकाल सर्वांत लवकर मिळतो, पण तो त्या प्रोसेसपुरता असतो आणि रीस्टार्टला जातो. पीएचपीत तर साधं व्हेरिएबल एका विनंतीपलीकडे टिकत नाही. तिथे एपीसीयू हे एक्स्टेंशन लागतं, जे एका सर्व्हरवरच्या सगळ्या पीएचपी-एफपीएम वर्करांना (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेसना) सामायिक असतं.

सर्व्हर एकाहून जास्त असतील किंवा निकाल सगळ्यांना सारखाच दिसायला हवा असेल, तर रेडिस किंवा मेमकॅश्ड, म्हणजे मेमरीत निकाल ठेवणारे वेगळे सर्व्हर. त्याच नेटवर्कमध्ये असेल तर एक फेरी साधारण मिलिसेकंदाच्या आसपास होते. त्यामुळे तीन मिलिसेकंदांचं फंक्शन रेडिसमध्ये कॅशे करण्यात काही अर्थ नाही.

डेटाबेसमधलं वेगळं टेबल हा पर्याय उगाच हिणवला जातो. वीस सेकंद लागणाऱ्या अहवालासाठी तो उत्तम: रीस्टार्टनंतरही टिकतो आणि साध्या क्वेरीने तपासता येतो.

४. किल्ली कशी बनवायची? फंक्शनचं नाव आणि इनपुट पुरेसं नाही का?

बहुतेक वेळा नाही, आणि कॅशेतले बहुतेक घोळ इथेच होतात. नियम एकच: निकाल ज्या ज्या गोष्टीवर अवलंबून आहे ती प्रत्येक गोष्ट किल्लीत हवी, आणि ज्यावर अवलंबून नाही ती एकही नको.

पहिल्या अर्ध्या भागात राहून जातात त्या लपलेल्या गोष्टी. फंक्शन आतल्या आत लॉगिन केलेला वापरकर्ता वाचतं, चालू भाषा वाचतं, चलन वाचतं, "आज" कोणता दिवस आहे ते पाहतं. यातलं काहीच इनपुटच्या यादीत दिसत नाही. "आज" तर टाइमझोनवरही ठरतो: सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर वापरकर्त्याचा दिवस आणि किल्लीतला दिवस रोज काही तास वेगळे असतात. फंक्शनचा कोड ओळीओळीने वाचून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची यादी करा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

दुसऱ्या अर्ध्या भागात चूक झाली तर निकाल बरोबर येतो, पण हिट होत नाही. "जवळच्या शाखा शोधा" या फंक्शनला अक्षांश-रेखांश सहा दशांश स्थळांपर्यंत दिले, तर दोन माणसांची किल्ली जवळपास कधीच जुळणार नाही. दोन स्थळांपर्यंत गोल केलं की अक्षांशाच्या दिशेने सुमारे १.१ किलोमीटरचा पट्टा एका किल्लीत येतो, तीन स्थळांना सुमारे ११० मीटर. मात्र फंक्शनलाही तोच गोल केलेला आकडा द्या. नाहीतर पहिल्या माणसाच्या नेमक्या जागेचं उत्तर बाकीच्यांच्या माथी बसतं. फिल्टर क्रमाने लावून घ्या, म्हणजे "रंग, आकार" आणि "आकार, रंग" यांची एकच किल्ली होईल.

जोडणीत विभाजक विसरू नका. विभाजकाशिवाय १ आणि २३ जोडले तरी १२३, १२ आणि ३ जोडले तरी १२३.

देवनागरी मजकूर किल्लीत जाणार असेल तर आणखी एक फास आहे. "दुसऱ्या" मधला ऱ एकाच युनिकोड अक्षराने लिहिता येतो, र आणि नुक्ता अशा दोन अक्षरांनी लिहिता येतो, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही तसाच दिसतो. डोळ्यांना तिन्ही सारखे, कॅशेला तीन वेगळ्या किल्ल्या. एनएफसी नॉर्मलायझेशनने (युनिकोडची सारखी रूपं एका ठरावीक रूपात आणण्याच्या प्रक्रियेने) पहिले दोन एक होतात. तिसऱ्यासाठी ती अक्षरमाला तुम्हालाच शोधून बदलावी लागते. लांबीचंही भान ठेवा: मेमकॅश्डची किल्ली २५० बाइटांपर्यंत चालते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे जेमतेम ८३ चिन्हं. सरळ शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेली ठरावीक लांबीची खूण) घ्या, तो ६४ चिन्हांचा होतो. पुढे फंक्शनचं नाव ठेवा, म्हणजे डीबग करताना किल्ली ओळखू येईल.

५. मुदत, म्हणजे ठेवलेला निकाल किती वेळ वापरायचा ती, किती ठेवू? सगळे म्हणतात पाच मिनिटं.

पायथनच्या जँगो या वेब-फ्रेमवर्कची डीफॉल्ट मुदत ३०० सेकंद आहे, त्यामुळे तो आकडा अंगवळणी पडला असावा. त्यामागे तुमच्या डेटाबद्दलचा कोणताही विचार नाही.

प्रश्न असा विचारा: हे उत्तर किती शिळं असलं तरी कुणाचं काही बिघडणार नाही? हे डेव्हलपरने एकट्याने ठरवायचं नसतं. ज्याचा तो डेटा आहे त्याला विचारा. लोकप्रिय लेखांची यादी तासभर जुनी चालते. शिल्लक जागांचा आकडा यादीत अर्धा मिनिट जुना चालेल, पण आरक्षण करतानाचा तपास कॅशेतून कधीच नको.

मुदत फार लहान वाटली म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. सेकंदाला १० विनंत्या येणाऱ्या पानावर ६० सेकंदांची मुदत लावली तर ६०० विनंत्यांमागे फंक्शन एकदाच चालतं. तीच मुदत एक तास केली तर उरलेल्या थोड्या फायद्यासाठी शिळेपणा साठपट वाढतो.

६. डेटा बदलल्यावर जुना निकाल लगेच कसा काढायचा?

जिथे डेटा लिहिला जातो तिथेच त्याची किल्ली पुसा. पण ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यानंतर (बदल डेटाबेसमध्ये पक्का झाल्यावर) पुसा. आधी पुसली तर मधल्या क्षणी दुसरी विनंती येते, तिला अजून जुनाच डेटा दिसतो आणि ती तो परत कॅशेत भरते. जँगोत ऑन-कमिट आणि रुबीच्या रेल्समध्ये आफ्टर-कमिट याचसाठी आहेत.

कमिटनंतर पुसूनही एक फट राहते. विनंती अ ला मिस मिळतो, ती जुनी ओळ वाचते आणि हिशेबाला लागते. तेवढ्यात ब नवा डेटा लिहून किल्ली पुसते. मग अ आपला जुना निकाल आणून ठेवते. यावर उपाय म्हणजे आवृत्ती क्रमांक. ज्याचा डेटा बदलतो त्या प्रत्येकासाठी, समजा प्रत्येक उत्पादनासाठी, एक आकडा ठेवा, तो किल्लीत घाला आणि बदल कमिट झाला की तो एकने वाढवा. अ ने हिशेबाआधी ७ वाचला असेल तर तिचा निकाल ७ च्या किल्लीखाली जाईल. नवे वाचक ८ खाली शोधतील. जुन्या किल्ल्या मुदत संपून आपोआप जातात. म्हणूनच पुसण्याची सोय असली तरी मुदत लावाच.

एका बदलाने शेकडो किल्ल्या बाद होणार असतील तरी हीच युक्ती वापरा. रेडिसमध्ये कीज कमांडने नमुना शोधत पुसू नका. ती सगळ्या किल्ल्या पाहून होईपर्यंत बाकीच्यांना ताटकळत ठेवते. शोधायचंच असेल तर स्कॅन. आणि फ्लशऑल (सगळं पुसणारी कमांड) मारण्याआधी सेशन (लॉगिनच्या नोंदी) त्याच रेडिसमध्ये आहेत का ते पाहा. असतील तर सगळे वापरकर्ते एका फटक्यात लॉगआउट.

७. साइट छान चालते, पण दर दहा मिनिटांनी काही सेकंद पार झोपते. असं का?

मुदत संपते तो क्षण तपासा. फंक्शनला ४ सेकंद लागतात आणि सेकंदाला ५० विनंत्या येतात असं धरा. मुदत संपल्यावर पहिला नवा निकाल येईपर्यंत सुमारे २०० विनंत्यांना मिस मिळतो, आणि त्या सगळ्या तेच फंक्शन एकाच वेळी चालवतात. डेटाबेस त्या ओझ्याखाली आणखी मंदावतो, ४ सेकंदांचे १५ होतात, गर्दी वाढतच जाते. याला कॅशे स्टॅम्पीड म्हणतात.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे शिळा निकाल देत राहणं. दोन मुदती ठेवा: १० मिनिटांची कच्ची आणि तासाची पक्की. कच्ची संपली की एकच विनंती नवा निकाल काढायला जाते, बाकीच्यांना तोवर जुना मिळतो. एचटीटीपी पातळीवर स्टेल-व्हाइल-रीव्हॅलिडेट ही सूचना हेच करते. रेल्समध्ये रेस-कंडिशन-टीटीएल आहे.

"एकच विनंती" ठरवण्यासाठी कुलूप लागतं. रेडिसमध्ये सेट कमांडला एनएक्स आणि ईएक्स हे दोन्ही पर्याय एकत्र द्या: कुलूप नसेल तरच लागेल आणि ठरलेल्या वेळाने आपोआप सुटेल. ही वेळ फंक्शनच्या सर्वांत वाईट वेळेपेक्षा जास्त हवी. ४ सेकंदांच्या फंक्शनला ३० ठेवा. मुदतीशिवाय लावलेलं कुलूप घेऊन प्रोसेस मेली, तर ती किल्ली कुणीतरी हाताने सोडवेपर्यंत नवी होत नाही. कुलपात स्वतःची खूण लिहा आणि सोडताना ती आपलीच आहे याची खात्री करा, नाहीतर उशीर झालेली प्रोसेस दुसरीचं कुलूप उघडते.

अनेक किल्ल्या एकाच वेळी भरल्या असतील तर त्या संपतातही एकाच वेळी. ६०० सेकंदांऐवजी ५४० ते ६६० मधला यादृच्छिक आकडा द्या. एका ओळीचं काम आहे.

८. निकाल रिकामा आला किंवा एरर आली, तर तेही साठवायचं का?

रिकामा निकाल साठवा, पण थोड्या मुदतीने. ३० ते ६० सेकंद बहुधा पुरतात. नाहीतर अस्तित्वात नसलेल्या क्रमांकांचा मारा करणारा बॉट प्रत्येक वेळी थेट डेटाबेसपर्यंत पोहोचतो.

अडचण अशी की "निकाल रिकामा आहे" आणि "किल्ली सापडली नाही" यांत अनेक लायब्रऱ्या फरक करत नाहीत. जँगोचं गेट किल्ली नसेल तर नन देतं, पीएचपीच्या लाराव्हेलचं रिमेंबर ठेवलेल्या नलला मिस समजतं, वर्डप्रेसचा ट्रान्झिएंट सापडला नाही तर फॉल्स येतो. म्हणून रिकाम्यासाठी वेगळी खूण ठेवा, किंवा निकाल एखाद्या अॅरेत गुंडाळून ठेवा.

एरर मात्र साठवू नका. बाहेरची सेवा दोन सेकंद अडखळली आणि तुम्ही ते तासभर जपून ठेवलं, असं व्हायला नको.

९. पायथनमध्ये एलआरयू-कॅशे हा डेकोरेटर लावला. रिफ्रेश केलं की कधी नवं उत्तर, कधी जुनं. हे काय?

गनिकॉर्न या पायथन सर्व्हरचे चार वर्कर, म्हणजे चार वेगळ्या प्रोसेस, असतील तर चार वेगळ्या कॅशे आहेत, प्रत्येकीत वेगळ्या वेळी भरलेला निकाल. शिवाय या डेकोरेटरला मुदतच नाही. निकाल जातो तो जागा भरल्यावर किंवा प्रोसेस थांबल्यावर. जागा डीफॉल्टने १२८ निकालांची. बदलत्या डेटासाठी तो चुकीचा. कधी न बदलणाऱ्या हिशेबासाठी झकास.

त्यातले आणखी फास: इनपुटमध्ये लिस्ट किंवा डिक्शनरी दिली तर टाइप-एरर येते, टपल द्या. क्लासच्या मेथडवर लावला तर सेल्फही किल्लीत जातो आणि तो ऑब्जेक्ट मेमरीतून सुटत नाही. आणि सगळ्यांत छुपा: फंक्शन लिस्ट परत देत असेल आणि कुणी ती जागच्या जागी बदलली, तर कॅशेतला निकालच बदलतो. टपल परत द्या किंवा वापरताना प्रत घ्या.

१०. असिंक फंक्शन कॅशे केलं. पहिल्यांदा चाललं, दुसऱ्यांदा एरर.

कॅशेत निकालाऐवजी कोरूटिन (असिंक फंक्शनचं अजून पूर्ण न झालेलं काम) गेलं आहे, आणि पायथनचं कोरूटिन एकदाच अवेट करता येतं. अवेट करून आलेली किंमत साठवा. जावास्क्रिप्टमध्ये उलट आहे: तिथे प्रॉमिसच (पुढे येणाऱ्या निकालाचा ऑब्जेक्ट) साठवणं फायद्याचं, कारण एकाच वेळी आलेल्या दहा विनंत्या त्याच प्रॉमिसवर थांबतात. फक्त तो रिजेक्ट झाला तर लगेच काढून टाका, कारण एरर साठवायची नाही (प्रश्न ८). आणि प्रॉमिस ज्यात साठवता त्या मॅपला कमाल आकार ठेवा. नाहीतर नोडची मेमरी हळूहळू भरत जाते.

११. एका वापरकर्त्याला दुसऱ्याचं नाव आणि पत्ता दिसला. आता काय करू?

आधी ती कॅशे बंद करा, भरलेली रिकामी करा. कारण नंतर शोधा. वेग गेला तर चालेल, इथे लोकांची माहिती जाते आहे.

कारण दोनपैकी एक असतं. फंक्शनच्या किल्लीत वापरकर्ता नाही (प्रश्न ४), किंवा संपूर्ण पान मधल्या सर्व्हरने साठवलं आहे. दुसऱ्यासाठी वैयक्तिक पानांवर कॅशे-कंट्रोल हेडरमध्ये प्रायव्हेट किंवा नो-स्टोअर हवं. ऑथरायझेशन हेडर असलेल्या विनंतीचं उत्तर सामायिक कॅशेने स्पष्ट परवानगीशिवाय साठवू नये असा एचटीटीपीचा नियम आहे, पण कुकीला तसं संरक्षण नाही, आणि बहुतेक साइटवर लॉगिन कुकीवरच चालतं.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. २५ डिसेंबर २०१५ रोजी हल्ल्याच्या गर्दीला तोंड देताना बदललेल्या कॅशे नियमांमुळे वाल्व्ह कंपनीच्या स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या काही ग्राहकांना इतरांसाठी बनलेली पानं दिसली. वाल्व्हने सुमारे ३४,००० जणांना याची झळ बसल्याचं सांगितलं.

१२. कॅशेची मेमरी भरली तर काय होतं?

मेमकॅश्ड बराच काळ न वापरलेले निकाल काढून जागा करतं. त्याची डीफॉल्ट मेमरी फक्त ६४ एमबी आहे आणि एका निकालाची मर्यादा १ एमबी. मोठा निकाल साठतच नाही आणि बऱ्याच लायब्रऱ्या त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

रेडिसला ६४-बिट मशीनवर डीफॉल्टने मर्यादाच नसते. मर्यादा घातली पण धोरण तसंच ठेवलं, तर ते नो-इव्हिक्शन असतं, म्हणजे भरल्यावर लिहिताना एरर. निव्वळ कॅशे असेल तर ऑल-कीज-एलआरयू (बराच काळ न वापरलेल्या किल्ल्या आधी काढणारं धोरण) लावा.

१३. मेमकॅश्डमध्ये ४५ दिवसांची मुदत दिली. निकाल क्षणभरही टिकत नाही.

३० दिवसांपर्यंतचा आकडा, म्हणजे २५,९२,००० सेकंद, मेमकॅश्ड "आतापासून इतके सेकंद" असा वाचतं. त्याहून मोठा आकडा १९७० पासून मोजलेली तारीख समजला जातो. ४५ दिवसांचे ३८,८८,००० सेकंद म्हणजे १९७० चा फेब्रुवारी, मुदत केव्हाच संपलेली. आत्ताचा युनिक्स वेळ त्यात मिळवून द्या.

१४. नवा कोड डिप्लॉय केला की काही मिनिटं एरर येतात, मग आपोआप थांबतात.

जुन्या कोडने साठवलेला निकाल नव्या कोडला उलगडता येत नाही: फील्डचं नाव बदललं किंवा क्लास हलवला. मुदत संपली की एरर थांबतात. निकालाची रचना बदलली की किल्लीतला आवृत्ती क्रमांकही बदला. शक्य तिथे जेसनसारखा साधा प्रकार वापरा. पायथनच्या पिकलला (ऑब्जेक्ट साठवण्याच्या प्रकाराला) आणखी एक धोका आहे: कॅशेत कुणी परका लिहू शकला, तर उलगडताना त्याचा कोड तुमच्या सर्व्हरवर चालतो.

१५. रेडिस बंद पडलं तर साइटही पडावी का?

पडू नये, पण ते आपोआप होत नाही. टाइमआउट लहान ठेवा, १०० मिलिसेकंदांच्या आसपास; तो नसेल तर प्रत्येक विनंती अडकून बसते. कॅशेची एरर मिस समजा. मात्र सगळा भार मूळ फंक्शनवर आला तर डेटाबेस तो पेलेल का, हे एकदा कमी गर्दीच्या वेळी कॅशे मुद्दाम बंद करून पाहा. पेलत नसेल तर एका वेळी किती हिशेब चालतील यावर मर्यादा घाला आणि बाकीच्यांना अर्धवट पान दाखवा.

१६. हिटचं प्रमाण ९० टक्के आहे, तरी लोक म्हणतात साइट मंद.

मिसला २,००० मिलिसेकंद आणि हिटला २ धरा. ९० टक्क्यांना सरासरी सुमारे २०२ मिलिसेकंद येते, ९९ टक्क्यांना सुमारे २२. पण सरासरीचा अनुभव कुणालाच येत नाही: ९० टक्क्यांनाही दर दहावी विनंती पूर्ण दोन सेकंद थांबते, आणि तक्रार तीच करते. ९५ वा आणि ९९ वा पर्सेंटाइल (९५ किंवा ९९ टक्के विनंत्या ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात ती वेळ) पाहा. मग मोजके महत्त्वाचे निकाल क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या साधनाने) मुदतीआधीच नवे करा, किंवा प्रश्न ७ मधली दोन मुदतींची पद्धत लावा.

१७. पान जुनंच दिसतंय. नेमकी कोणती कॅशे दोषी, हे कसं शोधू?

बाहेरून आत या. खासगी विंडोत उघडा. तिथे नवं दिसलं तर ब्राउझरची कॅशे किंवा लॉगिनमुळे पडणारा फरक. मग उत्तराचे हेडर पाहा: एज (वय) हेडर असेल तर उत्तर मधल्या कॅशेतून आलं आहे आणि तो आकडा किती सेकंद जुनं ते सांगतो. त्यानंतर यूआरएलच्या शेवटी निरर्थक पॅरामीटर जोडा. तेवढ्याने नवं आलं तर दोष पूर्ण-पान कॅशेचा. तरीही जुनंच असेल तर फंक्शनच्या कॅशेत ती किल्ली हाताने वाचा.

यासाठी प्रत्येक निकालासोबत तो बनल्याची वेळही साठवा, आणि चाचणीच्या वातावरणात हिट की मिस, किल्ली कोणती आणि निकाल किती जुना हे हेडरमध्ये पाठवा. लाइव्ह साइटवर हे हेडर बंद ठेवा. किल्लीत वापरकर्त्याचा क्रमांक असतो.